अणुवीज कोणासाठी? तारापूरच्या निमित्ताने

विकसनशील देशाने अणुवीज निर्माण करावी की नाही, हा प्रश्न भारतात गेली सत्तर वर्षे विचारला जात आहे. मात्र तो कोठे उभे राहून विचारला जातो, यावर त्याचे उत्तर बरेचसे अवलंबून राहिले आहे. समर्थक तो दिल्लीच्या सचिवालयातून किंवा तुर्भ्याच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेतून विचारतात, त्यामुळे त्यांच्या उत्तरात मेगावॅटचे आकडे आणि राष्ट्राचा अभिमान हे दोन्ही आपसूक येतात. विरोधक तो ज्या गावाची जमीन जायची असते त्या गावाच्या पारावरून विचारतात, आणि तसे विचारण्याचा त्यांचा हक्क कोणी नाकारू शकत नाही. ज्याच्या नावाने हा सारा खटाटोप चालतो, त्या वीज वापरणाऱ्या सामान्य माणसाच्या उंबरठ्यावरून मात्र हा प्रश्न क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत ग्रंथाची मांडणी त्या उंबरठ्यापासून सुरू होते आणि तेथून निघणारी तार ज्या ज्या गावातून आली आहे, तेथपर्यंत ती मागे नेऊन पाहते.

‘विकसनशील’ हा शब्द येथे सौजन्याचा म्हणून वापरलेला नाही. विजेच्या संदर्भात त्याला नेमका अर्थ आहे. भारतातील दरडोई वीजवापर वर्षाला सुमारे १,४०० युनिट आहे. युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की मीटर जितका पुढे सरकतो तितकी वीज. हा वापर जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि सरासरी ही नेहमीच एका वातानुकूलित घराची आणि एका पंखा नसलेल्या झोपडीची मिळून काढलेली असल्याने तळाच्या माणसाची स्थिती तीत दिसत नाही. अशा देशात विजेची मागणी वाढणार हे गृहीत धरावेच लागते, भांडवल महाग असते, आणि नियमन करणाऱ्या संस्था कागदावर जितक्या भक्कम दिसतात तितक्या व्यवहारात असतीलच असे नाही. यांतील पहिली गोष्ट अणुविजेच्या बाजूने बोलते, उरलेल्या दोन तिच्या विरुद्ध बोलतात. विकसनशील देशातील अणुविजेचा सारा वाद या ओढाताणीत आहे, आणि ती ओढाताण नाकारून केलेले समर्थन किंवा विरोध फार काळ टिकत नाही.

उंबरठा म्हणून येथे वाकोला निवडले आहे, त्याला कारण आहे. सांताक्रूझच्या पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्ग, कलिन्याचे विद्यापीठ संकुल आणि मिठी नदीला जाऊन मिळणारा वाकोला नाला यांच्या बेचक्यात दाटीने वसलेली ही वस्ती. येथील जुन्या चाळींत जिन्याखाली एका फळीवर ओळीने बसवलेले मीटर दिसतात. काहींवर खोलीचा क्रमांक रंगाने लिहिलेला असतो, काहींवर तो पुसट होऊन दुसऱ्यांदा लिहिलेला असतो, आणि पावसाळा तोंडावर आला की त्या फळीला नाल्याच्या पाण्यापासून किती उंची आहे याचा अंदाज रहिवासी डोळ्यांनीच घेतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्यानंतर उपनगरांच्या सखल भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. आणि वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे वरच्या मजल्यावर पाणी नाही, हा साधा हिशेब त्या आठवड्यात सर्वांना पाठ झाला. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे झोपतात तेथे रात्रीचा पंखा ही चैन नसते. अशा घराला वीज स्वस्त हवी असते, पण त्याहून अधिक ती रात्री दोन वाजता हवी असते.

याच वाकोल्यापासून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरवर तुर्भे आहे, जेथे ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली संशोधन अणुभट्टी कार्यान्वित झाली. उत्तरेला ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर तारापूर आहे, जेथे २८ ऑक्टोबर १९६९ पासून देशातील पहिले अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. तारापूरच्याही पलीकडे, वीस किलोमीटरच्या आत, डहाणूचे ५०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र आहे. ते मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवणाऱ्या कंपनीनेच उभारले आणि त्याची वीज उच्चदाब वाहिन्यांवरून थेट उपनगरांत येते. आणि वस्तीच्या अगदी शेजारी, कलिना संकुलात, मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून २००७ मध्ये स्थापन केलेले मूलभूत विज्ञानांचे केंद्र आहे. वाकोल्यातील एखादा दिवा नेमका कोणत्या केंद्राच्या विजेवर जळतो, असे विचारणे मात्र निरर्थक आहे. कराडच्या प्रीतिसंगमाखाली उतरून ओंजळ भरली तर तीत कृष्णा किती आणि कोयना किती हे जसे सांगता येत नाही, तसेच विजेच्या जाळ्याचे, म्हणजे ज्याला ‘ग्रिड’ म्हणतात त्याचे आहे. सगळ्यांनी त्यात घालायचे आणि सगळ्यांनी त्यातून घ्यायचे. सांगता येते ते एवढेच, की घालणारे कोण आहेत आणि त्यांनी ते कशाच्या बदल्यात घातले.

मुंबईच्या बाबतीत या प्रश्नाला मोठा पूर्वेतिहास आहे आणि अणुविजेच्या चर्चेत तो सहसा सांगितला जात नाही. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये, भिरा येथील १९२७ मध्ये. गिरण्या धुराच्या कोळशावरून स्वच्छ विजेवर आल्या, आणि त्या स्वच्छतेसाठी सह्याद्रीच्या खोऱ्यांतील भातशेते पाण्याखाली गेली. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचे धरण बांधायला निघाल्यावर १९२१ मध्ये मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह केला, तो धरणाविरुद्धच्या जगातील आरंभीच्या संघटित लढ्यांपैकी एक होता, आणि तो हरला. नंतर कोयना आली, नंतर तारापूर, नंतर डहाणू. शहराला उजेड लागतो आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी रानातून येतो, ही रीत अणूने पाडलेली नाही. अणूला ती आयती मिळाली आहे. म्हणून कोकणात जैतापूरला येऊ घातलेल्या अणुवीज प्रकल्पाविषयी तेथील शेतकऱ्याला आज जे म्हणायचे आहे, त्यातील बरेचसे युरेनियमचा संबंध नसतानाही मुळशीच्या शेतकऱ्याने शंभर वर्षांपूर्वी म्हटले होते.

भारताच्या अणुकार्यक्रमाचे प्रणेते होमी भाभा यांनी अणुविजेचा जो युक्तिवाद मांडला, तो मात्र भावनेचा नव्हता, भूगोलाचा होता. १९५५ मध्ये जिनिव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय वापरावर भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते अध्यक्ष होते, आणि गरीब देशांना अणुशक्ती श्रीमंतांपेक्षा अधिक उपयोगाची आहे ही भूमिका त्यांनी सातत्याने घेतली. भारतातील दगडी कोळसा मुख्यतः पूर्व आणि मध्य भारतात आहे, कारखाने आणि मोठी शहरे मात्र पश्चिम किनाऱ्यावरही आहेत. कोळसा रेल्वेच्या वाघिणींतून शेकडो कोस ओढत आणायचा तर वाहतुकीचा खर्च आणि रेल्वेवरचा ताण दोन्ही वाढतात. ज्या इंधनाचे काही टन वर्षभर पुरतात, ते कोठेही नेता येते. म्हणजे खाणीपासून दूर असलेल्या ठिकाणी अणुवीज परवडेल, असा तो हिशेब होता, आणि तारापूरची जागा या हिशेबातूनच निघाली: मुंबई आणि दक्षिण गुजरात यांच्या मध्ये, समुद्राच्या पाण्याजवळ, कोळशापासून लांब.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडून घेतल्या गेल्या. त्या उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या आहेत, म्हणजे युरेनियमच्या विखंडनातून निघालेल्या उष्णतेने भट्टीतलेच पाणी उकळते आणि तीच वाफ टर्बाइनची चक्की फिरवते. मुळात प्रत्येकी २१० मेगावॅटच्या असलेल्या या भट्ट्यांची क्षमता पुढे १६० मेगावॅटवर आणण्यात आली. त्यांना समृद्ध युरेनियम लागते. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये सहज विखंडन पावणारा २३५ हा प्रकार हजारात जेमतेम सात भाग असतो. तो वाढवून दोन-तीन टक्क्यांवर नेणे याला समृद्धीकरण म्हणतात, आणि ती विद्या त्या काळी भारताजवळ नव्हती. १९६३ च्या करारानुसार हे इंधन तीस वर्षे अमेरिका देणार होती. १९७४ मध्ये पोखरणची अणुचाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्र प्रसारबंदीचा आपला कायदा केला, आणि करार कागदावर राहिला. मग १९८२ नंतर फ्रान्सने इंधन दिले, पुढे चीनने, पुढे रशियाने. परावलंबनातून सुटका म्हणून घेतलेली भट्टी तीसेक वर्षांत चार देशांच्या दाराशी जाऊन आली, ही गोष्ट अणुविजेच्या समर्थकांनी झाकून ठेवण्याजोगी नाही; उलट पुढचा सारा भारतीय कार्यक्रम याच धड्यावर उभा आहे.

तो कार्यक्रम तीन टप्प्यांचा. पहिल्या टप्प्यात समृद्ध न केलेले, खाणीतले युरेनियमच वापरायचे आणि साध्या पाण्याऐवजी जडपाणी वापरायचे. जडपाण्यातील हायड्रोजनचे अणू दुप्पट वजनाचे असतात आणि ते विखंडनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनांना गिळून न टाकता केवळ मंद करतात, त्यामुळे समृद्ध न केलेल्या इंधनावरही अभिक्रियेची साखळी चालू राहते. दुसऱ्या टप्प्यात या भट्ट्यांच्या वापरलेल्या इंधनातून मिळणारे प्लुटोनियम जलद प्रजनक भट्टीत घालायचे, जी जाळते त्याहून अधिक इंधन तयार करते. कल्पाक्कम येथील ५०० मेगावॅटच्या अशा भट्टीचा गाभा भरायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये. तिसरा टप्पा थोरियमचा, ज्याचे साठे केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या वाळूत विपुल आहेत. सत्तर वर्षांत देश पहिल्या टप्प्यावर पक्का उभा आहे, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर आहे, आणि तिसरा अजून भाषणांत आहे. तरीही पहिल्या टप्प्याचे मोल कमी लेखता येणार नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या, प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या भट्ट्या २००५ आणि २००६ मध्ये वीज देऊ लागल्या, त्या या मातीत आखलेल्या आणि घडवलेल्या होत्या; गुजरातेतील काक्रापारच्या ७०० मेगावॅटच्या भट्ट्या हा त्याच घराण्यातील पुढचा जन्म आहे.

या भट्टीतील इंधन जवळून पाहिल्याशिवाय अणुविजेचे आकर्षण आणि तिची भीती यांपैकी काहीच नीट कळत नाही. युरेनियम ऑक्साइडच्या करंगळीच्या पेराएवढ्या काळ्या वड्या एका धातूच्या नळीत ओळीने भरतात, अशा सदतीस नळ्यांची मोळी बांधतात, आणि ती मोळी जेमतेम अर्धा मीटर लांब व सुमारे चोवीस किलो वजनाची भरते. म्हणजे गव्हाच्या अर्ध्या पोत्याएवढी. एखादा धडधाकट माणूस ती उचलू शकेल. नवी मोळी हाताने हाताळता येते, तिच्यापासून होणारा किरणोत्सार नगण्य असतो. भट्टी चालू असतानाच यंत्र एका टोकाने नवी मोळी आत ढकलते आणि दुसऱ्या टोकाने जुनी बाहेर घेते, भट्टी थांबवावी लागत नाही. या एका मोळीतून, ढोबळ हिशेबाने, नऊ लाख युनिट वीज मिळते. महिना दीडशे युनिट वापरणाऱ्या वाकोल्यातील पाचशे खोल्यांची ती वर्षभराची वीज आहे. तितकीच वीज कोळशातून काढायची तर सुमारे सहाशे टन, म्हणजे दहा वाघिणी कोळसा जाळावा लागतो, आणि भारतीय कोळशात राखेचे प्रमाण तिसऱ्या हिश्शाहून जास्त असल्याने दोनशे टनांवर राख मागे उरते. भट्टीतून बाहेर आलेली जुनी मोळी दिसायला जवळजवळ तशीच असते, वजनातही फरक पडत नाही. पण तिच्याजवळ कोणतेही आवरण न घेता काही क्षण उभे राहणारा माणूस वाचणार नाही. तिला वर्षानुवर्षे खोल पाण्याखाली ठेवावे लागते. तिच्यातील सिझियम आणि स्ट्राँशियम निम्मे व्हायला सुमारे तीस वर्षे लागतात, प्लुटोनियम निम्मे व्हायला चोवीस हजार. तुर्भ्याला आणि तारापूरला वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया होते आणि उरलेला तीव्र कचरा काचेत विरघळवून गोठवला जातो. तंत्र सिद्ध आहे, पण त्या काचेची राखण करण्याची मुदत कोणत्याही राज्यसंस्थेच्या आयुष्यापेक्षा मोठी आहे.

सहाशे टन कोळसा आणि एक मोळी या तुलनेवरच बहुतेक समर्थक थांबतात, कारण ती सोयीची आहे. तिला पुढे नेले तर डहाणूपर्यंत जावे लागते. चिकूच्या वाड्यांच्या या तालुक्याला केंद्र सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केले, आणि तेथेच पुढे कोळशाचे केंद्र चालू झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने पाठपुरावा केल्यामुळे चिमणीतील गंधक शोषून घेणारी यंत्रणा तेथे बसली. देशातील बहुसंख्य कोळसा केंद्रांवर तोवर तसे काही नव्हते. कोळशाची किंमत रोज थोडी थोडी आणि गाजावाजा न करता मोजली जाते: फुप्फुसांत, राखेच्या तळ्यांत, आणि आता वातावरणात. हवामानबदलाच्या आंतरशासकीय समितीने २०१४ मध्ये दिलेल्या मध्यम अंदाजानुसार कोळशाच्या एका युनिटमागे खाणीपासून राखेपर्यंत धरून सुमारे ८२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अणुविजेच्या एका युनिटमागे सुमारे १२ ग्रॅम. अणुअपघात बातमी होतो, कोळशाचे मरण रोजचे असल्याने बातमी होत नाही. जलविद्युतही निर्धोक नाही: ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपात सुमारे पावणेदोनशे माणसे गेली, आणि धरणाच्या जलाशयाचा त्या भूकंपाशी असलेला संबंध तेव्हापासून भूशास्त्राच्या अभ्यासाचा विषय आहे.

सौरऊर्जेचा मुद्दा याहून अवघड आहे, कारण ती खरोखरच स्वस्त झाली आहे आणि महाराष्ट्रात ऊन मुबलक आहे. दिवसाच्या विजेपुरते पाहिले तर नव्या अणुभट्टीला तिच्याशी दराच्या शर्यतीत उतरणेच शक्य नाही, आणि हे मान्य न करणारा अणुसमर्थक वाचकाची फसवणूक करतो. पण उन्हाळ्यात मुंबईची मागणी चार हजार मेगावॅटच्या वर जाते, आणि सूर्य मावळल्यावर ती नाहीशी होत नाही. पावसाळ्यात ऊन आठवडेच्या आठवडे दडी मारते. रात्रंदिवस जिची गरज असते अशा किमान मागणीला पायाभार म्हणतात, आणि आज हा पायाभार मुख्यतः कोळसा उचलतो. साठवणुकीच्या बॅटऱ्या स्वस्त होत आहेत, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर पाणी चढवून साठवणारे प्रकल्प येऊ घातले आहेत. ते पुरेसे ठरले तर अणुविजेची बाजू तितकी लंगडी पडेल. अशा स्थितीत या प्रस्तावनेची भूमिका मर्यादित आहे: कोळशाची जागा घेण्यासाठी ऊन, वारा आणि साठवण यांच्या जोडीला पायाभाराचा काही हिस्सा अणूने उचलावा, आणि तोही देशाला ज्या भट्ट्या स्वतः बांधता येतात त्या भट्ट्यांनी.

या शेवटच्या अटीचे कारण पैसा आहे. अणुविजेत इंधनाचा खर्च थोडा आणि उभारणीचा खर्च प्रचंड असतो, त्यामुळे युनिटच्या दरातील मोठा भाग हा व्याजाचा असतो. आणि विकसनशील देशात व्याज महाग असल्याने उभारणी जितकी लांबेल तितकी प्रत्येक युनिटची किंमत वाढत जाते. फिलिपिन्समधील बातान हे याचे जगातील सर्वांत करुण उदाहरण म्हणावे लागेल. मार्कोस राजवटीत कर्ज काढून बांधलेली तेथील ६२१ मेगावॅटची भट्टी १९८६ मध्ये राजवट कोसळल्यावर आणि चेर्नोबिल घडल्यावर कधीच चालू झाली नाही. देशाने तिचे कर्ज मात्र दशकानुदशके फेडले. महाराष्ट्राला यासाठी मनिलापर्यंत जायचीही गरज नाही. गुहागरजवळचा एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प अणूचा नव्हता, नाफ्त्याचा होता, पण परकी तंत्र, परकी कंपनी, परकी चलनातला हिशेब आणि वीज घेतली नाही तरी द्यायचे पैसे हे सारे त्यात होते, आणि १९९९ मध्ये चालू झालेला त्याचा पहिला टप्पा २००१ मध्ये बंद पडला.

जैतापूरचा प्रस्ताव या पार्श्वभूमीवर तपासावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्यावर, फ्रान्सच्या प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या, म्हणजे एका ठिकाणी ९,९०० मेगावॅट. डिसेंबर २०१० मध्ये त्याचे प्राथमिक करार झाले. याच बनावटीची भट्टी फ्रान्सने आपल्या फ्लामांव्हिल येथे २००७ मध्ये बांधायला घेतली. ती २०१२ मध्ये पुरी व्हायची होती आणि जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, अंदाजित खर्चाच्या चौपटीने. फिनलंडच्या ओल्किलुओतोची गोष्ट वेगळी नाही. ज्या देशाने १९७४ नंतरच्या दीड-दोन दशकांत डझनांनी भट्ट्या उभारल्या, त्याला स्वतःच्या अंगणात जे वेळेवर जमले नाही ते कोकणात जमेल, असे मानायला आधार हवा. माडबनच्या लोकांनी हा प्रश्न तज्ज्ञांच्या आधी विचारला होता, इतकेच येथे नमूद करणे पुरेसे आहे.

भारतीय कार्यक्रमानेही स्वतःच्या शब्दाची किंमत फारशी राखलेली नाही. इसवी सन २००० पर्यंत दहा हजार मेगावॅट, हे १९८० च्या दशकातले ध्येय होते. ते साल उजाडले तेव्हा क्षमता तीन हजार मेगावॅटसुद्धा नव्हती. त्याला तांत्रिक बहिष्कार, पैशाची टंचाई आणि पुढे युरेनियमचा तुटवडा ही कारणे होती आणि ती खरी आहेत. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट दिली नसती तर अर्ध्या क्षमतेने चालणाऱ्या भट्ट्या तशाच चालत राहिल्या असत्या. त्या काळात अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असलेले अनिल काकोडकर यांनी स्वदेशी भट्ट्यांचे स्वातंत्र्य आणि परदेशी इंधनाची गरज यांचा मेळ घालताना जी कसरत केली, तिचा स्वतंत्र विचार पुढे एका प्रकरणात येतो. आज देशाच्या एकूण विजेत अणूचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॅटचे ध्येय जाहीर झाले आहे. मागचा अनुभव पाहता या आकड्याकडे संकल्प म्हणून आदराने पाहावे, अंदाज म्हणून नव्हे.

सुरक्षिततेच्या प्रश्नावर या ग्रंथात विस्ताराने लिहिले असल्याने येथे एकाच मुद्द्याकडे लक्ष वेधायचे आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या फुकुशिमा येथे त्सुनामीने वीज गेली, भट्ट्या थंड ठेवणारे पंप थांबले आणि इंधन वितळले. त्या भट्ट्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांच्याच कुळातल्या होत्या. त्यानंतर भारतातील सर्व केंद्रांची तपासणी झाली आणि वीज गेल्यानंतरही पाणी पोचवण्याच्या जादा सोयी केल्या गेल्या. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात लहान भूकंपांची मालिका सुरू झाली तेव्हा पालघर जिल्ह्यातील माणसांनी भिंतीच्या भेगांबरोबर तारापूरचाही विचार केला, तो स्वाभाविक होता. त्यांच्या शंकेला उत्तर देणारी संस्था मात्र कोणाच्या हाताखाली राहत आली आहे, हे पाहावे लागते. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ ज्या अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी ठेवले गेले, त्याचाच अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचा सचिव असतो, आणि भट्ट्या चालवणारे महामंडळ त्याच विभागाचे. महालेखापरीक्षकांनी २०१२ मधील अहवालात यावर बोट ठेवले. नियामकाला स्वतंत्र करण्यासाठी २०११ मध्ये संसदेत मांडलेले विधेयक लोकसभेची मुदत संपल्याने बारगळले. भट्टीची भिंत किती जाड आहे हे सांगणारा आणि ती बांधणारा एकाच घरात राहत असतील, तर भिंत खरोखर जाड असूनही लोकांचा विश्वास बसत नाही. अणुविजेचे नुकसान तिच्या शत्रूंपेक्षा या गुप्ततेने अधिक केले आहे, असे स्पष्ट मत येथे नोंदवावेसे वाटते.

उरतो तो प्रश्न उजेडाच्या बदल्याचा. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही किनाऱ्यावरची गावे उठवली गेली, आणि पुनर्वसनातल्या घरांचे, जमिनीचे, नोकऱ्यांचे आणि समुद्रापासून तुटलेल्या मच्छीमारांच्या उपजीविकेचे वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचले. शेतकऱ्याला जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याची भाषा तरी करता येते. कोळ्याला समुद्राच्या बदल्यात काय द्यायचे, याचे उत्तर भूसंपादनाच्या कोणत्याही कायद्याजवळ नाही, कारण समुद्राचा सातबारा नसतो. जैतापुरात १८ एप्रिल २०११ रोजी साखरी नाटे येथे आंदोलकांवर पोलिसांचा गोळीबार झाला आणि एक मच्छीमार तरुण मरण पावला. तेथील विरोधात मच्छीमार आघाडीवर होते ते याच कारणाने.

दुसऱ्या बाजूला मुंबई आहे. २००५ नंतरच्या दशकात विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील खेडी रोज आठ-आठ, दहा-दहा तासांचे भारनियमन सोसत होती, तेव्हा मुंबईत दिवे फारसे मालवले नाहीत. राज्याचे जाळे कोसळले तरी शहर आपल्या केंद्रांसह बेटासारखे वेगळे करून चालू ठेवण्याची व्यवस्था १९८० च्या दशकापासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी ती निकामी ठरली आणि लोकल गाड्या रुळांवर उभ्या राहिल्या, तेव्हा त्या काही तासांची देशभर चर्चा झाली. वाकोल्यातील खोलीचा या सौभाग्यात वाटा आहे, पण तिला श्रीमंत शहराच्या हिशेबात धरून दोषी ठरवणेही न्यायाचे नाही. तेथे राहणाऱ्यांतील कित्येकांची मूळ गावे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहेत, आणि गणपतीला राजापूरच्या गाडीत बसणाऱ्या माणसाला जैतापूर हा दोन्ही टोकांनी आपलाच प्रश्न असतो. विजेची गरज आणि जमिनीची माया एकाच घरात नांदताना येथे दिसतात. म्हणूनच शहरातल्या दरातील काही पैसे कायमस्वरूपी त्या किनाऱ्याकडे वळवणे, प्रकल्पग्रस्तांना एकदाच भरपाई देण्याऐवजी उत्पन्नात भागीदार करणे, आणि केंद्राच्या परिसरातील किरणोत्साराच्या नोंदी मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर दर महिन्याला लावणे, या सूचना ग्रंथाच्या शेवटच्या भागात केल्या आहेत. त्यांचा खर्च भट्टीच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ आहे.

परिभाषेविषयी एक शब्द. ‘अणुऊर्जा’ या शब्दाखाली मराठीत बाँब, औषधोपचार आणि वीज अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात, त्यामुळे वीजनिर्मितीपुरते बोलताना या ग्रंथात ‘अणुवीज’ हा शब्द सर्वत्र वापरला आहे. मेगावॅट हे केंद्राची क्षमता सांगणारे माप आणि युनिट हे प्रत्यक्ष मिळालेल्या विजेचे, हा फरकही काटेकोर पाळला आहे. वृत्तपत्रांत तो पाळला जात नाही आणि त्यातून बरेच अकारण भांडण होते.

तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांनी २०१९ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण केली आणि २०२० मध्ये त्या मोठ्या दुरुस्तीसाठी थांबवण्यात आल्या. इतके वय झालेल्या भट्ट्या जगात मोजक्याच आहेत. कधी ना कधी त्या कायमच्या बंद होतील, आणि मग किरणोत्सारी झालेले पोलाद व काँक्रीट कापून, वेचून, पुरून ती जागा मोकळी करण्याचे अनेक वर्षांचे काम सुरू होईल. त्यासाठी अणुविजेच्या दरात युनिटमागे दोन पैसे बाजूला काढण्याची तरतूद आहे. वाकोल्याच्या जिन्याखालच्या फळीवर मीटरची चकती आता फिरत नाही, तिच्या जागी लाल ठिपका लुकलुकतो. तो लुकलुकतो तेव्हा जाळ्यात कोठेतरी हे दोन पैसेही मोजले जात असतात. ते पुरले की नाही, हे तारापूरची वीज ज्यांनी कधीच वापरलेली नसेल अशा माणसांना कळेल.